मधला रकाना

८ जानेवारी

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. तीस वर्षं हजेरीपट भरला, तेवढं लिखाण एका जन्माला पुष्कळ झालं. पण आजपासून लिहायचं ठरवलंय, कारण मोठं काम हाती आलंय आणि उद्या कोणी विचारलं की हे कसं केलंत बाई, तर सांगता यायला हवं.

धाकटी दर रविवारी चारला येते तशी आली. माझी बहीण शिक्षण खात्यात आता बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर आहे, पण माझ्या घरी चपला काढून पाय वर घेऊनच बसते. खात्याने समिती नेमलीय आणि ही तिची सचिव. शाळेचे टप्पे ठिकठिकाणी कसे पाडतात, त्यांना काय म्हणतात, कुठल्या वयाचं मूल कुठल्या वर्गात बसतं, याचा तक्ता त्यांना हवाय. "ताई, हे तुझ्याइतकं कोणाला जमणार?" म्हणाली. मी म्हटलं, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस. तर म्हणते, झाड तुझंच आहे, मी नुसती धरून उभी आहे.

चढले. खोटं कशाला बोलू? खूप वर्षांनी कोणीतरी मला पालकसभेची तारीख सोडून दुसरं काही विचारलं.

१० जानेवारी

तक्ता करायचा तर आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी.

आमच्या रस्त्यावर तीन शाळा एकीला एक लागून आहेत. डावीकडे प्राथमिक, उजवीकडे वरची शाळा आणि दोघींच्या मध्ये आम्ही. आमच्याकडे तीनच वर्ग: मधली पहिली, मधली दुसरी, मधली तिसरी. अकरा, बारा आणि तेरा वर्षांची मुलं. वरच्या शाळेतली टारगट पोरं आमच्या शाळेला 'मधली सुट्टी' म्हणतात. म्हणोत बापडी, सगळी इथूनच गेलीत.

आमच्या दोन्ही भिंतींना एकेक लहान दार आहे. डावं दार प्राथमिकमध्ये उघडतं. मधल्या पहिलीत आलेल्या मुलाला पहिला महिनाभर, वाटेल तेव्हा, त्या दाराने आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसायची मुभा असते. कोणी कारण विचारत नाही. उजवं दार वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उघडतं, तिसरीच्या मुलांनी वरच्या शाळेत बसून अंदाज घ्यावा म्हणून. दोन्ही दारांच्या कड्या आमच्या बाजूला आहेत आणि त्या कधी काढायच्या नि कधी लावायच्या हे मुख्याध्यापिका ठरवते. म्हणजे गेली अकरा वर्षं मी.

खात्याच्या कुठल्या नियमात हे बसतं, मला ठाऊक नाही. माझ्या आधीच्या मोठ्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

१७ जानेवारी

माझे जुने विद्यार्थी जगभर पांगलेत. ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्यांना विचारलं की तुमच्याकडे अकरा वर्षांचं मूल कुठे बसतं. भराभर उत्तरं आली. काहींनी तर स्वतःच्या मुलांचे दाखलेच पाठवले.

काय एकेक तऱ्हा. एका ठिकाणी प्राथमिक चार वर्षांत उरकते आणि दहाव्या वर्षीच मुलं तीन प्रकारच्या शाळांत निवडून टाकतात, धान्य पाखडल्यासारखी. एका ठिकाणी सहा ते सोळा एकच शाळा, मधे भिंत नाही की दार नाही. एका ठिकाणी वर्ग चक्क उलटे मोजतात. अकराव्या वर्षी सहावीत जायचं आणि मग पाचवी, चौथी, तिसरी असं खाली खाली येत शेवटी सुटायचं. तिथल्या माझ्या विद्यार्थिनीने लिहिलंय की माझी लेक यंदा चौथीत गेली हे आईला फोनवर सांगितलं, तर आईने दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. नापास झाली वाटलं.

आणि तीन ठिकाणी आमच्यासारखीच मधली शाळा आहे, तीनच वर्षांची. ते वाचून उगाचच भरून आलं. परक्या गावात आपल्या आडनावाची पाटी दिसावी तसं.

२२ जानेवारी

धाकटी आली होती. तक्त्याचं पहिलं टिपण तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मन लावून ऐकत होती. मधल्या शाळांचा भाग आला तेव्हा मात्र उठून खिडकीशी गेली. म्हटलं, कंटाळलीस का? नाही म्हणाली. मग विचारलं की तुमच्या शाळेत खोल्या नक्की किती आहेत गं, नऊ की दहा? दहा, मी सांगितलं, पण दहाव्या खोलीत नुसते मोडके बाक आहेत.

ती गेल्यावर जुन्या गोष्टी आठवत बसले. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी तेवीसची, याच शाळेत नुकतीच चिकटलेली. वडिलांची नोकरी फिरतीची. मग काय, मीच आई. ती मधल्या पहिलीत आली आणि मी हट्टाने तिचाच वर्ग मागून घेतला. वर्गात माझ्यासमोर, मधल्या सुट्टीत माझ्यासमोर, घरी तर काय प्रश्नच नाही. एक मिनिट तिला एकटं वाटू दिलं नाही. डावं दार बाकीच्या मुलांना महिन्याने बंद झालं, पण तिच्यासाठी मी मोठ्या बाईंच्या हातापाया पडून वर्षभर कडी काढून ठेवली. रोज जायची. प्राथमिकच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या की येते, काही बोलत नाही, मागच्या बाकावर नुसती झोपते. बिचारीला तिथे आईसारखं वाटत असणार.

आज खात्यात तिच्या सहीने शाळा उघडतात. हे कोणाच्या जिवावर, असं मी म्हणत नाही. पण कळतं की.

३० जानेवारी

आज शाळेत एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. खात्याचा कागद होता त्याच्याकडे. दहाही खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, भिंतींवर टकटक करून पाहिलं. डाव्या दाराची चौकटसुद्धा मोजली. आमचे शिपाईमामा त्याच्या मागे मागे फिरत होते. मला म्हणाले, "बाई, हा माणूस बघायला आलेल्या सोयरिकीसारखा बघतोय. मला काही बरं वाटत नाही."

मामांना काहीच बरं वाटत नाही. मला सगळं लख्ख दिसतंय. चार वर्षं आम्ही प्रयोगशाळा मागतोय. तक्त्याचं काम मी करतेय हे वर कळलं असणार, आणि धाकटीने शब्द टाकला असणार. मला चकित करायचं असेल तिला. मी काही कळल्याचं दाखवणार नाही.

५ फेब्रुवारी

तक्ता पूर्ण झाला. एकवीस ठिकाणं, तीन रकाने: प्राथमिक, मधली, वरची. सगळं वयाप्रमाणे.

धाकटीने पाहिला आणि खूप वाखाणला. पण अडचण निघाली. तीन रकान्यांमुळे कागद आडवा धरावा लागतो. आडवा कागद फायलीत दुमडून लावतात, आणि तिचं म्हणणं असं की दुमडलेलं पान खात्यात आजवर कोणी उलगडलेलं नाही. उभ्या पानात बसव, म्हणाली. दोनच रकाने ठेव, खालचा टप्पा आणि वरचा टप्पा. मधली वर्षं वयाप्रमाणे इकडे तिकडे वाटून टाक आणि खाली टीप दे.

पटलं. इतकी मेहनत करायची आणि कोणी पान उलगडू नये, याला काय अर्थ? बसून केलं. अकरा वर्षांची मुलं खाली टाकली, बारा-तेराची वर. दहा मिनिटं लागली. खाली टीप मात्र चांगली सात ओळींची लिहिली: ही तीन वर्षं का वेगळी असतात, या वयात मुलाला मागे जायलाही दार लागतं आणि पुढे डोकावायलाही, वगैरे. तीस वर्षांत असं मुद्देसूद काही माझ्या हातून उतरलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

चित्रकलेच्या सरांकडून तक्ता सुबक लिहून घेतला. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. सगळं झाल्यावर सर ब्रश धुता धुता म्हणाले, "बाई, यात आपली शाळा कुठे आहे?"

मी म्हटलं, टिपेत.

ते पुन्हा ब्रश धुऊ लागले. सर तसे घुमेच आहेत.

९ फेब्रुवारी

तक्ता पोचवला. पावती घेतली. घरी येऊन झोपले.

२० फेब्रुवारी

गणिताच्या बाई डिसेंबरात निवृत्त झाल्या, त्यांची जागा अजून भरली नाही. खात्यात विचारलं तर कळलं की आत्ता मधल्या शाळांच्या जागा भरणं थांबवलंय, समितीचं काम होईपर्यंत. असेल, कामात काम. तोवर दुसरीचं गणित मीच घेतेय. अपूर्णांक शिकवताना मजा येतेय.

वरच्या शाळेचे मुख्याध्यापक आज स्वतः आले. एरवी रस्त्यात दिसले तर मान डोलावण्यापुरते, आज अर्धा तास बसले. आमच्या कार्यालयाला उजेड किती छान येतो, कपाटं सागवानी आहेत का, असं विचारत होते. जाताना हात जोडून म्हणाले की तुमच्यासारखी अनुभवी माणसं आम्हाला लागणारच. वाकडी वाट करून गोड बोलायला आले म्हणजे काहीतरी पाहिजे असणार. प्रयोगशाळा आमच्याकडे होणार हे त्यांना कळलंय, आणि त्यांच्या मुलांनाही ती वापरायची असणार. देऊ की. मी काही त्यांच्यासारखी नाही.

५ मार्च

धाकटी आली नाही. बैठक आहे म्हणे. रविवारी?

१२ मार्च

आजही आली नाही. घसा बसलाय, असा निरोप आला. काढा करून डब्यातून तिच्या घरी नेऊन दिला. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. आतून तिचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. काढ्याशिवायच उतार पडला म्हणायचा.

तिच्या नवऱ्याने मला बसा म्हटलं नाही. एरवी आग्रह करकरून बसवतो.

१६ मार्च

आदेश आला.

मी तो शाळेत, शिपाईमामांच्या देखत फोडला. पेढे सांगावे लागतील म्हणून त्यांना हाक मारून उभं केलं होतं.

सगळ्या मधल्या शाळा, आमच्यासारख्या चौदा, नव्या वर्षापासून बंद. मधली पहिली प्राथमिकला जोडायची. दुसरी आणि तिसरी वरच्या शाळेला. आमच्या दहा खोल्यांतल्या चार डावीकडे, सहा उजवीकडे. दोन्ही दारं विटांनी बुजवायची, कारण एका संस्थेच्या आवारातून दुसऱ्या संस्थेत वाट असणं सुरक्षेला धरून नाही. मुख्याध्यापिकेने वर जायचं की खाली, ते पंधरा दिवसांत कळवायचं.

आधार म्हणून सोबत तक्ता जोडलाय. माझा. उभा, एका पानात, दोन रकाने. वर लिहिलंय की शाळेच्या रचनेत दोनच टप्पे सर्वत्र प्रचलित असल्याचे सोबतच्या तक्त्यावरून स्पष्ट होते. खाली लिहिलंय: तक्ता, मुख्याध्यापिका, मधली शाळा. टीप नाही. सात ओळींतली एकही नाही.

अकरा खाली, बारा-तेरा वर. मी केलं तसंच त्यांनी केलंय. एक वर्ष इकडचं तिकडे झालेलं नाही.

मामांनी विचारलं, काय आहे बाई? मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि घडी घालून परत दिला. मग घंटा द्यायला गेले, कारण तासाची वेळ झाली होती.

१७ मार्च

दुसऱ्या मधल्या शाळेच्या बाईंचा फोन आला. आमचं एकत्र शिक्षण झालंय. त्या एवढंच म्हणाल्या, "तू होतीस म्हणून आम्ही निश्चिंत होतो." आणि फोन ठेवला.

केसाने गळा कापला म्हणतात तो असा. पाठची बहीण. माझ्या हाताने वेण्या घातलेली. आणि सुरी कोणी आणून दिली? मी. धार लावून, चित्रकलेच्या सरांकडून सुबक करून घेऊन, वर पावती घेऊन.

मोजपट्टीवाल्याला मी चहा पाजला होता. दोनदा.

१९ मार्च

आज धाकटी आली. चारला. चपला काढल्या, पण पाय खालीच ठेवले.

आल्या आल्या मी विचारलं की टीप कुठे गेली. टिपा छापत नाहीत, म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

निदान खोटं बोलली नाही. मग माझ्याकडून का करून घेतलंस, म्हटलं, खात्यात तक्ते करणारे मेले होते का? ती मग म्हणाली की तुझं नाव असलं की बाकीच्या तेरा शाळा भांडणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना. म्हणजे माझा चांगुलपणाही त्यांनी मोजपट्टीने मोजून ठेवला होता.

मग तिने समजावलं. खात्याचं बोलणं आणि स्वतःचं बोलणं कुठे जोडलंय ते तिला स्वतःलाही कळत नसावं. दर काही वर्षांनी मुलाच्या पाठीवर दप्तर द्यायचं आणि नव्या दारात उभं करायचं, कशासाठी? शिक्षक कमी, इमारती तीन. आणि शेवटी, "मी उभी राहिलेय त्या दारात, ताई."

तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, तू उभी राहिलीस? तुला आख्खं वर्ष कडी उघडी होती. कोणाला नव्हती ती मुभा तुला दिली, रोज जाऊन बाईंच्या वर्गात बसत होतीस, आणि आज तेच दार विटांनी बुजवायला निघालीस?

ती मग अगदी हळू बोलली.

"मी बाईंकडे जात नव्हते, ताई. मी तुझ्यापासून जात होते."

मी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

"वर्गात तू, सुट्टीत तू, घरी तू. मी जेवले का, मी रडले का, हे बघायला सारखी तू. आई गेल्यावर मला एक तास कोणी बघू नये एवढंच हवं होतं. त्या मागच्या बाकावर कोणी बघत नव्हतं."

मी विचारलं, म्हणून आज माझी शाळा बुडवलीस? तर नाही म्हणाली, त्यासाठी नाही, तू दाराचं काढलंस म्हणून सांगितलं. पर्स उचलली आणि गेली. बिस्किटाला हात लावला नव्हता.

हिच्यासाठी मी लग्न केलं नाही. हे मी तिला आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आजही दाखवलं नाही. इथे लिहिते. तिला माझ्यापासून पळायचं होतं म्हणे. आणि जे दार मिळालं तेही मीच उघडून दिलेलं, हे तिच्या कसं लक्षात येत नाही?

२४ मार्च

वरिष्ठांना पत्र लिहिलं. आडवा तक्ता जोडला, तीन रकान्यांचा, टिपेसकट. नीट दुमडून लावला.

३१ मार्च

उत्तर आलं. विषयाची नोंद घेण्यात आली आहे. सोबतचा तक्ता परत पाठवलाय. घडी जशीच्या तशी आहे.

'वर की खाली'चं उत्तर मी दिलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं: खाली. प्राथमिकमध्ये सहायक.

५ एप्रिल

गवंडी आला. आधी उजवं दार बुजवलं. या महिन्यात ते उघडं असायला हवं होतं. तिसरीची मुलं खिडक्यांतून बघत होती आणि एकीने विचारलं की बाई, आता आम्ही वरची शाळा बघायची कशी? मी म्हटलं, जूनमध्ये बघाच आता, एकदम. ती हसली. मुलांना अजून वाटतं मी गंमत करते.

डाव्या दाराशी मी स्वतः उभी राहिले. विटा लावण्याआधी मामांनी कडी स्क्रू काढून सोडवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. ही कशाला, म्हटलं. मामा म्हणाले, भंगारात जाण्यापेक्षा तुमच्याकडे असू द्या. मग पलीकडे गेले आणि तिकडून दोन मिनिटं आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. सिमेंट उडालं, म्हणाले. सिमेंट अजून कालवलंही नव्हतं.

तिथे उभी असताना उगाच डोक्यात आलं: ती मागच्या बाकावर झोपायची. घरी रात्री मी तीनतीनदा उठून तिला झोप लागलीय का ते बघायचे, दिवा लावून.

पुढचं लिहावंसं वाटत नाही.

९ एप्रिल

रविवार. सवयीने चारला दोघींचा चहा टाकला आणि मग, या घरात आल्यापासून पहिल्यांदा, चारच्या ठोक्याला दाराला आतून कडी लावली.

ती आली. जिन्यावरची पावलं मला पाठ आहेत. आधी दार ढकललं, कारण रविवारी ते नुसतं लोटलेलं असतं हे तिला माहीत आहे. उघडलं नाही. मग वाजवलं. मी बसून राहिले. समोर टेबलावर मामांनी दिलेली कडी होती, कागदातच.

"ताई, तू आत आहेस. चहाचा वास येतोय."

उठले. दारापर्यंत गेले, हातही वर झाला. दारापलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यावर लागतो तसा. मी विचारणार होते की दमलीस का. तोंडाशी आलेलं आवरलं. आयुष्यभर हेच विचारत आले आणि त्याचं काय झालं ते मला एकोणीस मार्चला सांगितलं गेलंय.

बराच वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, एक आत आणि एक बाहेर. मग ती जिना उतरून गेली. मी खिडकीतून बघितलं नाही.

चहाचे दोन्ही कप मीच प्यायले. दुसरा गार झाला होता.